थोरली पाती, धाकटी पाती

देवासला आत्याच्या घराचा उंबरठा सागवानी होता, मधोमध झिजून खोलगट झालेला. सकाळी नऊच्या सुमारास गल्लीत भाजीचा ठेला यायचा आणि आत्या त्या उंबरठ्यात उभी राहून विचारायची, ‘भैया, पत्तागोभी कैसे दी?’ थोडी घासाघीस व्हायची, तराजू हलायचा, वर चार हिरव्या मिरच्या पडायच्या. मग गड्डा हातात तोलत ती वळायची आणि माजघराकडे तोंड करून म्हणायची, ‘अगं, कोबी घेतलाय, डाळ भिजत घाल.’ मधे जेमतेम एक पाऊल पडलेलं असायचं. तेवढ्यात भाजीचं नाव बदलायचं आणि नावाबरोबर लिंगही. ठेल्यावर ‘दी’ असलेली आत येईपर्यंत ‘घेतलाय’ व्हायची. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. दिवाळीच्या सुट्टीत रोज हा प्रकार बघायला मी मुद्दाम दारात जाऊन उभी राहत असे.

मग आत्या जमिनीवर ‘नईदुनिया’चा जुना अंक पसरून विळीवर बसायची. शेजारच्या माळवी घरांत सुरीवर भाजी चिरत. आमच्याकडे मात्र शे-दोनशे वर्षांपूर्वी पेशव्यांच्या फौजेमागून आलेल्या बायकांनी आणलेली विळी अजून नांदत होती. गड्डा उभा दोन फाकांत कापला की आत पानांच्या घड्यांचं पांढरं-पोपटी चित्र दिसे. आत्या विळीच्या पात्यावर ती फाक अशी लावायची की दोऱ्यासारखा कोबी खाली पडत राहायचा, करकर आवाज करत. सगळी पानं चिरून झाली की हातात उरायचा मधला दांडा. तो ती सोलून, मीठ लावून आम्हा मुलांना द्यायची. त्यावरून आमची भांडणं व्हायची. थंड, किंचित गोड, दाताखाली कडकन मोडणारा तो तुकडा शिजलेल्या भाजीपेक्षा कितीतरी चांगला लागे.

‘याला कोबी का म्हणतात?’ असं एकदा मी विचारलं. आत्या क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘बघ ना, पानं किती कोंबून कोंबून भरलीयत. कोंबलेला तो कोबी.’ हे उत्तर मला इतकं पटलं की पुढची पंधरा वर्षं मी ते खरं धरून चालले.

देवास हे दोन नावांना सरावलेलंच गाव. १७२८ साली तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोघा पवार बंधूंनी इथं राज्य उभं केलं आणि पुढे त्याच्या दोन पाती झाल्या, थोरली आणि धाकटी. सुरुवातीला कारभार एकत्रच होता; १८४१ नंतर तो वेगळा झाला. तरीही राजधानी एकच राहिली. एका छोट्या गावात दोन महाराज, दोन राजवाडे, दोन दरबार. मुख्य रस्त्याची एक बाजू एका पातीची, समोरची दुसरीची. दिवाबत्तीची आणि पाण्याची सोय दोन्ही बाजूंना निरनिराळी. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांकडे चिटणीस म्हणून राहिला होता. ‘द हिल ऑफ देवी’ या त्याच्या पुस्तकात त्यानं त्या दिवसांबद्दल लिहिलं आहे. नावातली ही टेकडी म्हणजे गावावर उभी असलेली चामुंडा मातेची टेकडी.

‘पाती’ हा शब्द मला तेव्हापासून आवडतो. पाती म्हणजे वाटा, हिस्सा, घराण्याची शाखा. आणि पाती म्हणजे गवताचं पान. एकाच शब्दात वाटणी आहे आणि उगवणंही आहे. घर वाटलं जातं तेव्हा काहीतरी तुटतं हे खरं, पण पातीला खाली एकच बुडखा असतो, हे तो शब्द विसरत नाही.

कोबीची खरी गोष्ट मला कळली ती पुण्याला शिकायला आल्यावर. मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात मी वाढणाऱ्या मावशींना म्हटलं, ‘मला थोडी गोभी वाढा ना.’ टेबलावरच्या मुली हसल्या. त्यात दुष्टपणा नव्हता, पण एकीनं अगदी जिव्हाळ्यानं सांगितलं, ‘अगं, मराठीत बोल. गोभी नाही, कोबी.’ उंबरठ्यातल्या आत्यानं इतक्या वर्षांत जी चूक कधी केली नव्हती, ती मी परक्या गावात, माझ्याच भाषेच्या गावात केली होती. त्या रात्री मला फार एकटं वाटलं. आलू, लौकी, ठेला असे माझ्या तोंडचे शब्द मी मनातल्या मनात वेगळे काढत बसले, तांदळातले खडे काढावेत तसे. आमची मराठी माळव्यात गेली म्हणजे बिघडली, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

ते वाटणं काही वर्षांनी एका ग्रंथालयात ओसरलं. सेबास्तियाव रोदोल्फ दाल्गाद हे गोव्यातल्या आसगावचे, १८५५ मध्ये जन्मलेले धर्मगुरू आणि भाषापंडित. पोर्तुगीज भाषेतले शब्द आशियातल्या भाषांमध्ये कुठं कुठं जाऊन राहिले, याचा मोठा कोश त्यांनी १९१३ साली प्रसिद्ध केला. त्याचं इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये निघालं, तेही बडोद्याहून, दुसऱ्या एका मराठी संस्थानातून. त्या पानांतून साबण, चावी, पगार, लिलाव, बटाटा असे आपले घरचे शब्द बाहेर येतात. आणि त्यांच्यातच असतो कोबी. पोर्तुगीज ‘कोव्ह’ म्हणजे कोबीची भाजी. त्यातल्या ‘व्ह’चा आपण ‘ब’ केला. चावीतला ‘व’ टिकला, कोबीतला बदलला. जिभेला जे सोयीचं वाटलं ते तिनं केलं. म्हणजे मेसमध्ये मला सांगितलेला शुद्ध मराठी शब्द गलबतातून उतरलेला होता. हे वाचून मला कुणाला हरवल्याचा आनंद झाला नाही, पण खूप दिवसांनी घरी आल्यासारखं वाटलं.

त्या ‘कोव्ह’च्या मागे लॅटिन ‘काउलिस’ आहे. त्याचा अर्थ देठ, दांडा. कोबीला रोमन लोकांचा ‘ब्रासिका’ असा स्वतंत्र शब्द होता. ख्रिस्तापूर्वी दुसऱ्या शतकात थोरल्या केटोनं शेतीवर पुस्तक लिहिलं, त्यात त्यानं ब्रासिकेचे गुण इतक्या आवडीनं सांगितले आहेत की आपल्याकडचा एखादा वैद्य आवळ्याबद्दल बोलतोय असं वाटावं. पण बाजारात, परसात, सैपाकघरात लोक तिला देठावरूनच ओळखू लागले आणि हळूहळू देठाचा शब्दच भाजीचा झाला. ग्रंथातलं नाव ग्रंथात राहिलं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्ये वनस्पतींची नावं नक्की केली तेव्हा ‘ब्रासिका ओलेरेसिया’ म्हणून ते पुन्हा कागदावर आलं. आजही ते रोपवाटिकेच्या पाटीवर आणि बियाण्याच्या पाकिटावर भेटतं. आया-बायांच्या तोंडी मात्र युरोपभर काउलिस पसरला.

त्याच्या पाती मोजायला बसलं की माझा वेळ कसा जातो ते कळत नाही. इटलीत तो ‘कावोलो’ झाला, स्पेनमध्ये ‘कोल’, जर्मनीत ‘कोहल’, हॉलंडमध्ये ‘कोल’. जर्मनीचे एकेकाळचे चान्सेलर हेल्मुट कोहल यांच्या आडनावाचा साधा अर्थ कोबी. फ्रान्समध्ये झिजून झिजून त्याचा नुसता ‘शू’ उरला आणि तिथल्या आया लाडानं मुलालाच ‘माझा शू’ म्हणतात, आपण बबडी म्हणतो तसं. ब्रिटनच्या उत्तरेकडे तो ‘केल’ म्हणून राहिला. ती गरिबाघरची पालेभाजी आता पुण्याच्या मोठ्या दुकानांत काचेआड, भारी भावात दिसते. डच लोक चिरलेल्या कच्च्या कोबीला ‘कोलस्ला’ म्हणत; ते अमेरिकेत गेलं आणि कोलस्लॉ होऊन इंदूरच्या बर्गरच्या दुकानापर्यंत आलं. माझा भाचा ते चमच्यानं खातो. त्याच्या पणजीनं कोबीची पचडी करताना, लिंबू पिळून वर हिंग-मोहरीची फोडणी घालताना, अगदी हेच केलं होतं. फक्त फोडणीच्या जागी तिकडे अंड्याचा सॉस आला.

आपल्या मराठीत काउलिस एकाच वाटेनं आला असं मात्र नाही. कोबी ही त्याची थोरली पाती; ती पोर्तुगीजांबरोबर समुद्रावरून आली. धाकटी पाती आहे नवलकोल. तिचं मूळ नाव डच ‘क्नोलकोल’, म्हणजे गाठीचा कोबी. ती इंग्रजांच्या बागांतून आपल्याकडे पोचली. त्यातलं ‘क्नोल’ आपल्याला उच्चारता येईना. कुण्या अनामिक माळ्यानं किंवा गृहिणीनं त्याचं ‘नवल’ केलं. मला वाटतं, या भाजीला जगात कुठंही इतकं सुंदर नाव मिळालेलं नाही. कंद जमिनीखाली असायचा, तो हिरवा चेंडू होऊन मातीच्या वर बसलाय आणि त्याच्या अंगातूनच पानं निघाली आहेत, हे पाहिल्यावर दुसरं काय म्हणणार? नवलच. आमच्याकडे ठेल्यावर तिला गांठगोभी म्हणत आणि उंबरठा ओलांडला की ती नवलकोल व्हायची.

तिसऱ्या वाटेनं आला तो फ्लॉवर. इटालियन ‘कावोलफ्योरे’ म्हणजे कोबीचं फूल. फ्रेंचांनी, जर्मनांनी, बंगाल्यांनी, हिंदीवाल्यांनी आपापल्या भाषेत तोच जोडशब्द केला. इंग्रजांचा ‘कॉलीफ्लॉवर’ही त्याच घडणीचा. ही भाजी भारतात १८२२ साली सहारनपूरच्या कंपनी बागेत पहिल्यांदा लावली असं भाजीपाल्याची पाठ्यपुस्तकं सांगतात. आपण पुस्तकात ‘फुलकोबी’ लिहिलं खरं, पण बोलताना कॉलीफ्लॉवरमधलं ‘कॉली’ सोडून दिलं आणि ‘फ्लॉवर’ तेवढा ठेवला. ज्या शब्दाच्या इतक्या पाती मोजल्या, त्याचं इथं नावही उरलं नाही. घराण्यात असंही होतं. एखादी शाखा आडनाव टाकून देते आणि तरी नाकाडोळ्यांवरून ओळखू येते.

इंग्रजी ‘कॅबेज’ मात्र या कुळातला नाही, याचं मला सुरुवातीला थोडं वाईट वाटलं. तो जुन्या फ्रेंचमधल्या डोक्याच्या शब्दापासून निघाला आणि त्याचं मूळ बहुधा लॅटिन ‘कापुत’, म्हणजे डोकं. कप्तान हा आपला शब्दही त्या डोक्यातूनच आलेला. पण माळव्यातली जुनी माणसं कोबीला कधी कधी करमकल्ला म्हणत, ते आठवलं आणि बरं वाटलं. तो शब्द फारसीकडचा, आणि कल्ला म्हणजे डोकंच. फ्रान्समधल्या शेतकऱ्याला, इराणातल्या बागवानाला, दोघांनाही वाफ्यात ओळीनं बसलेली ती गोल डोकीच दिसली. आपण त्याला गड्डा म्हणतो. बघणारे डोळे सगळीकडे सारखेच असतात.

आणि गोभी? ज्या शब्दासाठी मी एका रात्रीपुरती परकी झाले, तो कुठला? पोर्तुगीज ‘कोव्ह’च उत्तरेत जाऊन गोभी झाला, असं अनेकजण मानतात. काही कोशकार त्याला संस्कृत गोजिह्वेशी जोडतात. गाईच्या जिभेसारखी खरखरीत पानं असलेली एक रानवनस्पती त्या नावानं ओळखली जाते. मला दोन्ही खरं वाटतं. नवा पाहुणा आला, त्याच्या नावासारखं एक नाव गावात आधीच होतं, लोकांनी त्याला त्याच नावानं हाक मारली. देशांतराला गेलेल्या सगळ्यांचं थोडंफार असंच होतं.

धार माझं आजोळ. धारकडे निघालं की मला शब्दांची वेगळीच ओढ लागते. परमारांच्या या नगरीत कवी धनपालानं विक्रम संवत १०२९ मध्ये, म्हणजे इसवी सन ९७२च्या सुमारास, ‘पाइयलच्छी नाममाला’ हा प्राकृत शब्दांचा कोश रचला. माळव्याच्या राजानं राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट लुटली, ते हे वर्ष. कोशाच्या शेवटी धनपालानंच तशी नोंद केली आहे. जर्मन पंडित ब्यूलर यांनी १८७९ मध्ये तो छापून पुन्हा जगापुढे आणला. पण मला त्यातली दुसरी नोंद जास्त मोलाची वाटते. हा कोश आपण धाकट्या बहिणीसाठी, सुंदरीसाठी केला, असं तो सांगतो. राजधान्या लुटल्या जात होत्या आणि धारेत एक भाऊ बहिणीसाठी शब्द गोळा करत होता. त्या बहिणीला कुठले शब्द अडत असतील? तिनंही कधी दारात उभं राहून ‘याला असं का म्हणतात?’ विचारलं असेल का?

धारच्या एका जुन्या वास्तूतल्या खांबांवर सर्पबंध कोरलेले आहेत. नागाच्या वेटोळ्यांत वर्णमालेची अक्षरं आणि क्रियापदांचे प्रत्यय बसवलेले. उज्जैनला आणि निमाडातल्या ऊन गावातही तसेच आहेत. व्याकरणासारखा रुक्ष विषय त्या शिल्पकारानं नागाच्या अंगावर चढवला. काशिनाथ कृष्ण लेले हे धार संस्थानाचे शिक्षणाधिकारी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या शिलालेखांच्या मागे लागले होते. दूर माळव्यात नोकरी करणारा एक मराठी माणूस दगडावरचे संस्कृत प्रत्यय वाचत उभा आहे, हे दृश्य मी कधी कधी डोळ्यांपुढे आणते. याच धारच्या किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. पुण्याच्या गादीवरचा शेवटचा पेशवा माळव्याच्या मातीत जन्मला, हे मला त्या मेसच्या टेबलावर सुचलं असतं तर बरं झालं असतं. पण सुचायला हव्या त्या गोष्टी नेहमी उशिराच सुचतात.

परमार राजा भोजाच्या धारेत कोबी नव्हता, बटाटा नव्हता, टोमॅटो नव्हता. पण काउलिसचं कुळ पूर्ण परकं होतं असंही म्हणवत नाही. या शब्दाच्या मुळाशी पोकळ नळीचा अर्थ आहे, असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. त्याच मुळापासून लिथुआनियन भाषेत ‘काउलस’ म्हणजे हाड झालं. आणि काही अभ्यासक संस्कृत ‘कुल्या’ आणि ‘कुल्य’ हे शब्दही त्याच्याशी जोडतात. कुल्या म्हणजे पाट, पाण्याची चारी. कुल्य म्हणजे हाड. अमरकोशात हाडाच्या नावांत ते आहे. हे नातं खरं असेल तर किती विलक्षण आहे. एक भावंड पश्चिमेला गेलं आणि देठ झालं. दुसरं इकडे पाण्याचा पाट होऊन शेताशेतातून वाहत राहिलं. हजारो वर्षांनी देठवालं भावंड गलबतातून परत आलं, कोबी झालं, काळ्या मातीत रुजलं, आणि त्याला पाणी पाजलं ते कुल्येनं. कुणी कुणाला ओळखलं नाही.

देवासला टेकडीखालच्या रस्त्यावर कुमार गंधर्व राहायचे. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला, कानडी घरातला हा गवई १९४८ मध्ये आजारी फुप्फुसं घेऊन इथल्या कोरड्या हवेत आला. पडल्या पडल्या त्यांच्या कानावर माळवी बायकांची गाणी पडत होती. त्या गाण्यांतून त्यांनी पुढे राग काढले आणि त्यांना ‘धुनउगम’ म्हटलं. रागाचा उगम लोकांच्या गळ्यात आहे, हे त्यांनी देवासच्या गल्लीत ऐकलं. शब्दांचंही तेच आहे. कोश त्यांची वंशावळ लिहितो, पण ते जन्मतात आणि वळतात ते ठेल्यापाशी, विळीपाशी, मुलाच्या तोंडात.

मागच्या हिवाळ्यात देवासला गेले. आत्या आता नव्वदीला टेकली आहे. तिला खाली बसवत नाही. कोबी वहिनी चिरते, ओट्यावर, सुरीनं. विळी माळ्यावर गेली आहे. उंबरठाही उरला नाही, दाराशी गुळगुळीत फरशी आहे. ठेला मात्र अजून येतो. वहिनीनं दारातून विचारलं, ‘पत्तागोभी कैसे दी, भैया?’ आणि आत येऊन सासूला म्हणाली, ‘आई, कोबी छान मिळाला आज.’ मी ऐकत होते. सगळं जागच्या जागी होतं.

मी आत्याला तिच्या त्या उत्तराची आठवण करून दिली, कोंबलेला तो कोबी. तिला आठवत नव्हतं, पण तिनं मान डोलावली. तिला ते आताही पटलं. खरी व्युत्पत्ती मी सांगितली नाही. सांगायची गरजही वाटली नाही. पोर्तुगालहून आलेल्या शब्दाला या घरात जागा मिळाली ती अशाच एखाद्या चुकीच्या, मायेच्या उत्तरामुळे मिळाली असणार.

वहिनी पानं चिरून झाल्यावर दांडा टाकणार होती. आत्यानं खुर्चीवरूनच हात पुढे केला. तो तिनं मागून घेतला, नखानं वरची साल काढली, मीठ लावलं आणि माझ्या हातावर ठेवला. माझे केस पांढरे झालेत, हे तिच्या लेखी नव्हतंच. मी तो तिथंच उभी राहून खाल्ला. थंड, किंचित गोड, दाताखाली कडकन मोडणारा. पानं नंतरची, गड्डा नंतरचा, कोबी, गोभी, नवलकोल ही सगळी नावं नंतरची. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये काउलिस म्हणत, ते या दांड्याला.